आमच्या वाट्याचा आकडा फळ्यावर लिहा: मुंबईच्या 36 आमदारांना खुले पत्र

प्रति,
मुंबई शहर आणि उपनगरांतले 36 सन्माननीय विधानसभा सदस्य,
विधान भवन, मुंबई.

विषय: राज्यावरच्या कर्जाची श्वेतपत्रिका, आणि एका तमिळ अर्थमंत्र्याचं कौतुक

स.न.वि.वि.

या पत्रात मी एका राजकारण्याचं मनापासून कौतुक करणार आहे. तो तुमच्यापैकी नाही, तुमच्या कुठल्याही पक्षाचा नाही आणि त्याला मराठी येत असेल असं वाटत नाही. ज्यांना राग यायचा असेल त्यांनी तो इथेच येऊ द्यावा. पुढे हिशेबाचं बोलायचं आहे आणि रागात बेरीज चुकते.

माझी ओळख एवढीच, की मी मुलुंड पूर्वेला राहते, फोर्टातल्या एका बँकेच्या ट्रेझरी खात्यात 34 वर्षं काढून निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. सरकारी कर्ज म्हणजे काय ते पहिल्या नोकरीने शिकवलं. ते लोकांच्या नजरेआड कसं ठेवतात हे दुसरीने शिकवलं, आणि तिचा तर पगारही मिळत नाही.

आधी सोसायटीचंच सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आमची इमारत 1989 ची, 42 घरांची. मी खजिनदार व्हायच्या आधी 11 वर्षं मेंटेनन्स महिना 1,100 रुपयांवर थिजलेला होता. पाण्याचं बिल वाढलं, वॉचमनचा पगार वाढला, लिफ्टवाल्याचा वार्षिक करार वाढला, मेंटेनन्स मात्र तेवढाच. तेव्हाचे सेक्रेटरी फार लोकप्रिय. दर वर्षी सर्वसाधारण सभेत उभं राहून म्हणायचे, "मी आहे तोवर एक रुपया वाढणार नाही." टाळ्या व्हायच्या, मग सामोसे यायचे, मग बिनविरोध निवड. वाढलेला खर्च कुठून भागतोय हे विचारणं म्हणजे सामोशात खडा. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करते. बँकेत दिवसभर लोकांचे ताळेबंद तपासायचे आणि घरी आल्यावर स्वतःच्या सोसायटीचा उघडूनही बघायचा नाही, असं माझं चाललं होतं.

फरक भागत होता सिंकिंग फंडातून, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायच्या पैशातून. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाचा पाव टक्का दर वर्षी त्या फंडात बाजूला काढायचा असतो. आमच्याकडे बाजूला काढणं सोडाच, होती ती मुदत ठेवच दर वर्षी थोडी थोडी मोडली जात होती. 2019 च्या पावसाळ्यात बी विंगच्या जिन्यावर स्लॅबचा टोपलीभर पोपडा खाली आला. नशीब, पहाटेचे साडेचार वाजले होते. मग स्ट्रक्चरल ऑडिट, मग दुरुस्तीचं अंदाजपत्रक. फंडात शिल्लक 9 लाख आणि लागणार होते 86 लाखांच्या वर. सेक्रेटरींनी तब्येतीच्या कारणाने राजीनामा दिला आणि "तुम्ही बँकेतल्या ना" म्हणून दप्तर माझ्या गळ्यात पडलं.

तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक फळा आहे. पाणी कधी येणार नाही, कुणाची किल्ली सापडली, एवढंच त्यावर लिहितात. मी खडूने लिहिलं: "प्रत्येक घराच्या नावावरचं देणं: 1,85,000 रुपये." संध्याकाळपर्यंत तीन जणांनी फोन करून सांगितलं की हे चारचौघांत शोभत नाही, पाहुणेरावळे येतात, फ्लॅट विकायचा असला तर भाव पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे एक काका हातात दुधाची पिशवी धरून फळ्यासमोर उभे होते. पिशवीतून पाणी ठिबकत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. मला म्हणाले, "हे माझ्या नावावर आहे?" म्हटलं, हो काका. "मग 11 वर्षं मला कुणी सांगितलं का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता चेन्नई. 9 ऑगस्ट 2021 या दिवशी तमिळनाडूचे नवे अर्थमंत्री पळनिवेल त्यागराजन, ज्यांना तिकडे सगळे पीटीआर म्हणतात, यांनी राज्याच्या तिजोरीची श्वेतपत्रिका, म्हणजे खरी परिस्थिती मांडणारा सरकारी अहवाल, काढली. याआधीची 2001 सालची, म्हणजे मध्ये 20 वर्षं गेलेली. तिच्यात त्यांनी सांगितलं की राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाच्या डोक्यावर 2,63,976 रुपयांचं सार्वजनिक कर्ज आहे. "सुमारे अडीच लाख" म्हणून भागलं असतं, पण त्यांनी शेवटच्या 976 पर्यंत मोजलं होतं. बातमी वाचताना मला दुधाची पिशवी दिसली.

तिथेच थांबले नाहीत. सरकारी बस 1 किलोमीटर धावली की राज्याचे 59 रुपये 15 पैसे जातात, विजेचं 1 युनिट घेऊन पुरवलं की 2 रुपये 36 पैसे जातात, असं लिहिलं. महामंडळांची कर्जं, सरकारने दिलेल्या हम्या, सगळं एका जागी मांडलं. लाख कोटी हा शब्द ऐकून कुणाच्याही पोटात गोळा येत नाही, तो आता मंत्रासारखा झाला आहे, कानावरून जातो. घर, किलोमीटर, युनिट ही मापं माणसाला लागतात. आपल्या बेस्टचं बघा. 2019 मध्ये किमान तिकीट 8 रुपयांवरून 5 वर आलं तेव्हा मुंबई खूश झाली. मे 2025 मध्ये त्याच 5 चे 10 झाले. मधल्या काळात बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या कमी कमी होत गेल्या आणि थांब्यावर उभं राहायची वेळ वाढत गेली. 5 रुपयांच्या तिकिटामागे उरलेलं कोण भरतंय, हे मुलुंड चेकनाक्याच्या थांब्यावर कुणी लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

पीटीआर यांच्याबद्दल एक गंमत. राजकारणात येण्याआधी हा माणूस लेहमन ब्रदर्समध्ये नोकरीला होता. तीच बँक, जी 2008 मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली बसली आणि जगाला घेऊन बसली. आमच्या खात्यात त्या सप्टेंबरात डबे तसेच परत जायचे. तेव्हा कर्जाची भीती त्यांना पुस्तकातून आली नसावी, असा माझा अंदाज.

तुम्ही म्हणाल, आधीच्या सरकारची लक्तरं वेशीवर टांगायला काय लागतं! 10 वर्षं अण्णा द्रमुकची सत्ता होती, द्रमुकचा मंत्री श्वेतपत्रिका काढणारच. खरं आहे. एवढ्यावरच थांबले असते तर मी हे पत्र लिहिलं नसतं. मला भावलं ते पुढचं. त्याच आठवड्यात, 13 ऑगस्टला, त्यांनी अर्थसंकल्प मांडला. पक्षाच्या जाहीरनाम्यात पेट्रोल 5 रुपयांनी आणि डिझेल 4 रुपयांनी स्वस्त करू असं वचन होतं. पीटीआर यांनी पेट्रोलवरचा कर 3 रुपयांनी उतरवला आणि डिझेलला हात लावला नाही. पेट्रोल कोण भरतं, तर दुचाकीवाला. तेव्हा राज्यात अशा 2 कोटी 63 लाख दुचाक्या होत्या, त्याला सवलत. त्या 3 रुपयांमुळे वर्षाला 1,160 कोटींचं उत्पन्न बुडेल, हेही त्याच भाषणात. सवलत कुणाला आणि बिल किती, दोन्ही एका दमात. आपल्याकडे पहिलं टाळ्यांच्या वेळी सांगतात आणि दुसरं पुरवणी मागण्यांत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागून घेतलेल्या जादा पैशांत, सापडतं.

घरातल्या बाईला महिना 1,000 रुपये हेही द्रमुकचं वचन होतं. निवडून आल्याआल्या ते दिलं नाही म्हणून विरोधकांनी हैराण केलं. मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात त्यासाठी 7,000 कोटी धरले आणि सप्टेंबरात योजना सुरू झाली ती आधी निकष ठरवून: उत्पन्न किती, जमीन किती, वर्षाला वीज किती जाळता. 2021 मध्ये साधारण 62,000 कोटींची महसुली तूट होती, म्हणजे रोजच्या खर्चाला उत्पन्न तेवढं कमी पडत होतं, ती 2 वर्षांत 30,000 कोटींच्या आसपास आणली. हे त्यांचं मोठं काम. त्यानंतर मे 2023 मध्ये अर्थखातं त्यांच्याकडून गेलं आणि माहिती तंत्रज्ञान आलं. त्या 1,000 रुपयांच्या योजनेचा पहिला हप्ता वाटताना ते अर्थमंत्री नव्हते.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही. त्यांच्या काळात राज्याचं एकूण कर्ज वाढलंच. करकपात म्हणजेच पुण्य असं मानणारे ते नव्हेत; 2022 मध्ये त्यांच्या सरकारने शहरांतला मालमत्ता कर 25 पासून 150 टक्क्यांपर्यंत वाढवला, लहान घराला कमी आणि मोठ्याला जास्त. मुंबईत असं काही बोलायची छाती तुमच्यातल्या कुणाची नाही, हे मला ठाऊक आहे. इथे 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे आणि आमच्या इमारतीतली अर्धी घरं त्यात बसतात. पण मला काटकसरी राजकारणी म्हणजे असाच अपेक्षित आहे. कर उतरवायचा तर किती बुडणार ते सांगेल, वाढवायचा तर कुणावर आणि का ते सांगेल, आणि दोन्ही करायचं नसेल तर कर्ज कुणाच्या नावावर चढणार ते सांगेल. कर नको, खर्च हवा आणि कर्जाचं नाव काढायचं नाही, हे आमच्या जुन्या सेक्रेटरींचं धोरण झालं.

आता आपल्या घरचं. माझ्यापुढे 2025-26 चा अर्थसंकल्प आहे, 10 मार्च 2025 ला मांडलेला. महसुली जमा 5,60,964 कोटी, महसुली खर्च 6,06,855 कोटी. म्हणजे रोजचा संसार चालवायलाच 45,891 कोटी कमी. एकूण राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात उसने घ्यावे लागणारे पैसे, 1,36,235 कोटी. वर्षअखेर राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल, असा सरकारचाच अंदाज. लोकसंख्या 13 कोटी धरली तर माणशी 71 हजारांच्या वर, आणि चौघांच्या कुटुंबाला 2 लाख 87 हजार. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला आणि 30 जूनला 57 हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. शाई वाळायला तरी द्यायची. सोसायटीत कुणी एप्रिलमध्ये बजेट मंजूर करून घेऊन पावसाळ्यात असं केलं असतं, तर लोकांनी निबंधकाकडे अर्ज केला असता.

माझे एक सीए मित्र हे वाचून लगेच म्हणाले, घाबरवतेस कशाला, महाराष्ट्राचं कर्ज स्थूल उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आत आहे, मर्यादा 25 आहे, नीती आयोगाच्या 2025 च्या वित्तीय आरोग्य निर्देशांकात आपण मोठ्या 18 राज्यांत सहावे आहोत, पंजाबकडे बघ. सगळं खरं आहे आणि हे न सांगता आकडे फेकणं लबाडी ठरली असती. महाराष्ट्र बुडालेला नाही. पण ते 19 टक्के कशाचे? राज्यातल्या सगळ्यांच्या कमाईचे. माझं पेन्शन, नाक्यावरच्या वडापाववाल्याचा गल्ला, बीकेसीतल्या बँकांचा नफा, सगळं त्यात. सरकारच्या हातात येतात ते 5 लाख 61 हजार कोटी, आणि त्यातल्या दर 100 रुपयांतले 11 च्या वर नुसत्या व्याजात जातात. पगार, पेन्शन आणि व्याज मिळून निम्म्याहून जास्त. निर्देशांकात पहिला क्रमांक ओडिशाचा आहे, एकेकाळी कर्जाखाली पिचलेल्या राज्याचा, हे मित्राने सांगितलं नाही. आपण पंजाबकडे बघून समाधान मानायचं की ओडिशाकडे बघून लाजायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. (त्यांच्याकडे लोखंडाच्या खाणी आहेत, हेही मला माहीत आहे. आपल्याकडे मुंबई आहे.)

लाडक्या बहिणीबद्दल न बोलता पुढे जाणं भित्रेपणाचं होईल. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना जुलै 2024 पासून महिना 1,500 रुपये मिळाले. पहिला हप्ता आला त्या दिवशी पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी मला मोबाइलवरचा मेसेज दाखवला होता. तो पैसा मुलीच्या क्लासच्या फीला गेला, दारूला नाही, सोन्याला नाही. या पैशाला जे रेवडी म्हणतात त्यांनी महिनाभर 6 घरच्या पोळ्या लाटून दाखवाव्यात आणि मग बोलावं. माझी तक्रार ताईंबद्दल नाही.

निवडणुकीआधी 1,500 चे 2,100 करू, असं सांगितलं गेलं. निवडणूक झाली, वर्ष उलटलं, आणि ताईंनी एक दिवस मला विचारलं, "बँकेतल्या आहात, तुम्हीच सांगा, एकवीसशे कधी?" मी म्हटलं, पैसे नाहीत. "मग पंधराशे कुठून देतात?" म्हटलं, बरेचसे उसने. त्या पोळी तव्यावर टाकून गप्प राहिल्या. त्यांची 12 जणींची भिशी आहे, महिना 1,000 ची. पोळी उलटून म्हणाल्या, "म्हणजे सरकारने पहिल्याच महिन्यात भिशी उचलली म्हणा की. आता नुसतं भरत बसायचं."

34 वर्षं ट्रेझरीत काढून मला इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. भिशी पहिल्यांदा उचलण्यात गैर काही नाही, त्याच म्हणाल्या. घरात लग्न असतं, दुखणं असतं. मात्र उरलेले 11 महिने भरायचे आहेत हे उचलणारीला ठाऊक असतं आणि बाकीच्या 11 जणींनाही. आमच्या भिशीत हे कुणाला ठाऊक होतं? 2024 मध्ये योजना घाईघाईने सुरू झाली, निवडणूक पार पडली आणि मग 2025 मध्ये तपासणी. 26 लाखांच्या आसपास नावं अपात्र म्हणून थांबवल्याचं मंत्र्यांनीच सांगितलं, काही हजार पुरुषांनीही बहीण होऊन पैसे उचलल्याचं निघालं. निकष तर पहिल्या दिवसापासून कागदावर होते, नुसते वाचायचे होते. तमिळनाडूने आधी मोजलं, मग दिलं. आपण आधी दिलं, मग मोजलं, आणि मोजणीचा त्रास ज्या खऱ्या गरजू होत्या त्यांना झाला. केवायसीसाठी ताईंचे दोन दिवस बुडाले. सहा घरांचे.

आणि हे सगळं महाराष्ट्राला नवीन असायला नको होतं. पगाराच्या स्लिपवर 200 रुपयांची व्यवसाय कराची कपात दिसते ना, फेब्रुवारीत 300, तिचा जन्म कशातून झाला हे तुमच्यातल्या तरुण आमदारांपैकी किती जणांना ठाऊक असेल? 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. कल्पना वि. स. पागे यांची, विधान परिषदेचे सभापती, सांगलीकडच्या तासगाव तालुक्यातले. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा कुठून आणायचा? त्यांनी उसना आणला नाही. 1975 मध्ये व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचा आणि जेवढा जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून बीड-उस्मानाबादच्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी. वडील गिरणीच्या ऑफिसात होते. त्या कपातीबद्दल ते कुरकुरायचे, पण पैसे कुठे जातात हे त्यांना सांगता यायचं. पुढे केंद्राने देशभर ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा आपलाच कित्ता गिरवला. योजना मोठी होतीच. मला मात्र तिच्या वहीची दोन्ही पानं भरलेली होती, याचं अप्रूप आहे. जमा इकडे, खर्च तिकडे.

त्याच राज्यात पुढे काय झालं? 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये बसवले. मी तक्रार केली नाही, मराठवाडा होरपळत होता. 2017 मध्ये महामार्गांवरची दारू बंद झाली आणि तो महसूल भरून काढायला पेट्रोलवर आणखी 3 रुपये चढले. म्हणजे जो पीत नाही त्याच्या स्कूटरने पिणाऱ्याची भरपाई केली. दुष्काळ सरला, पाऊस आला, धरणं भरली. दुष्काळाच्या नावाने घेतलेल्या त्या 2 रुपयांचा हिशेब विधानसभेत कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

टोलचंही तसंच. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या गाड्यांना टोल माफ झाला, दुसऱ्या दिवशी निवडणूक जाहीर झाली. आम्ही मुलुंडकर, आनंदनगरचा टोलनाका आमच्या अंगणात. ठाण्याला भाचीकडे जायचे 45 रुपये वाचले, मला आनंद झाला. पण जमणारा टोल ज्याला मिळायचा होता त्याला तो कुणीतरी देणारच. म्हणजे माझ्या गाडीचा टोल आता तो माणूसही भरतो ज्याने गाडी कधी घेतलीच नाही. निदान तसं सांगून तरी करा.

तुम्ही कर्ज काढता ते कुणाकडून, हेही सांगते, कारण ही माझ्या खात्यातली गोष्ट. बहुतेक मंगळवारी रिझर्व्ह बँकेत राज्यांच्या रोख्यांचा लिलाव असतो. आमच्याकडे सकाळी यादी यायची: महाराष्ट्र, 10 वर्षं, इतके हजार कोटी; खाली तमिळनाडू, उत्तर प्रदेश, बंगाल. बोली लावायची, दुपारी कट-ऑफ, म्हणजे कुठल्या दरापर्यंतच्या बोली स्वीकारल्या ते, यायचा, मिळाले तर घ्यायचे. आमचा एक जुना सहकारी यादी वाचताना म्हणायचा, "आज आपण आपल्यालाच उसने देतोय का, बघा." विनोद वाटायचा, पण तसंच आहे. हे रोखे बँका घेतात ठेवीदारांच्या पैशातून, विमा कंपन्या घेतात हप्त्यांतून, भविष्य निर्वाह निधी घेतो पगारातून कापलेल्या रकमेतून. सावकार आम्हीच आणि ऋणकोही आम्हीच. व्याज आम्हाला मिळतं आणि ते द्यायला करही आम्हीच भरतो. मधल्या मध्ये श्रेय तेवढं तुम्हाला.

आता मागणं. तुम्ही 36 जण वेगवेगळ्या बाकांवर बसता. विरोधात असता तेव्हा श्वेतपत्रिका मागता आणि सत्तेत गेलात की तिजोरी भक्कम असल्याचं सांगता. गेल्या 10 वर्षांत जवळजवळ प्रत्येक पक्षाने दोन्ही करून पाहिलं आहे, तेव्हा कुणी कुणाकडे बोट दाखवू नये. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात 36 जणांनी मिळून एकच मागणी करा: महाराष्ट्राच्या कर्जाची श्वेतपत्रिका, हम्या आणि महामंडळांच्या कर्जासकट. कंत्राटदारांची थकलेली बिलं धरून, कारण न दिलेलं बिलही कर्जच असतं, हे स्लॅब दुरुस्तीवाल्याने मला चांगलं शिकवलं. पहिल्या पानावर एका कुटुंबाच्या वाट्याचा आकडा, शेवटच्या रुपयापर्यंत. आणि यापुढे सभागृहात कुठलीही माफी किंवा मदत जाहीर झाली की त्याच वाक्यात ती कशातून देणार ते सांगा: अमुक कर वाढवून, तमुक खर्च कापून, किंवा उसने काढून. "उसने काढून" म्हणायला लाज वाटायचं कारण नाही. मेट्रोला कर्ज काढलंत, धरणाला काढलंत, तर मी स्वतः ट्रेझरीत बसून रोखे घेतले असते. महसुली तुटीला, म्हणजे महिन्याच्या वाणसामानाला, काढू नका.

आमच्या सोसायटीचं पुढे काय झालं ते राहिलं. मेंटेनन्स 1,100 वरून 2,900 केला. दोन सभा वादळी झाल्या, एकीत माझ्या अंगावर चहाचा कप सांडला, चुकून असं म्हणतात. 1,85,000 चे सुलभ हप्ते करून दिले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सगळ्यांत आधी भरले. दुरुस्ती दीड वर्ष चालली. सिंकिंग फंडात आता पुन्हा काही लाख आहेत आणि दर महिन्याच्या 1 तारखेला शिल्लक फळ्यावर लिहिली जाते. आता त्यावरून कुणी फोन करत नाही.

गेल्या महिन्यात त्याच फळ्यावर, आमच्या शिल्लकेच्या खाली, मी दुसरी एक ओळ लिहिली: "महाराष्ट्र सरकारचं कर्ज, आपल्या घराच्या वाट्याचं: अंदाजे 2,87,000 रुपये." चेअरमन म्हणाले, सोसायटीत राजकारण नको, पुसून टाका. मी म्हटलं, आकडा चुकला असेल तर पुसते. तो बरोबर आहे की चूक, हे सांगू शकणारी माणसं तुम्ही आहात. 2,87,000 नसेल तर किती, ते कृपया कळवावं. फळा तिथेच आहे आणि खडू माझ्या पर्समध्ये असतो.

कळावे,
आपली,
मुलुंड पूर्वेकडील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची खजिनदार